शिकलेली चिप

या जगात ढ असं कुणीच नसतं आणि काहीच नसतं, यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि ते माझे मामेसासरे आहेत. कुणीच नसतं, हे पुष्कळ शिक्षक म्हणतात, निदान निरोप समारंभात तरी म्हणतात. काहीच नसतं, असं म्हणणारे हे एकटेच. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर एकशिक्षकी शाळांतून त्यांनी सगळी नोकरी काढली. एकाच खोलीत चार भिंतींना चार वर्ग बसवायचे आणि मधे आपण गोल फिरत राहायचं. त्या फिरण्यातच कधीतरी माणूस आणि वस्तू यांतला फरक त्यांच्या मनातून पुसला गेला असावा. त्यांच्या जव्हारच्या घरात भिंतीवरचं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतं. मामा, आता ते काढून टाका, असं मी एकदा सुचवलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "उशिरा येतं, पण रोज येतं ना," म्हणाले, "लांबच्या पाड्यावरचं असेल." कुकर दोन शिट्ट्यांवर अडून बसला तर ते गॅस बारीक करतात आणि त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात, त्याला विचार करायला वेळ हवा असतो म्हणे. मोबाइलने भलताच शब्द उमटवला तरी रागावत नाहीत. तो घरी वेगळी भाषा बोलत असणार, असं त्यांचं निदान आहे, कारण त्यांची सगळी पोरं घरी वेगळी भाषा बोलायची आणि शाळेच्या मराठीत येता येता अशीच अडखळायची.

माझं जव्हारच्या बाजारात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मागे छोटं गॅरेज. त्यामुळे निवृत्तीनंतर मामांनी जुनी व्हॅन घेतली तेव्हा तिची तब्येत माझ्याकडे आली. व्हॅन बरी होती. चालवणं मात्र असं, की ब्रेकची पॅडं दर थोड्या महिन्यांनी बदलावी लागत. मामा सुसाट जात नसत, त्यांना विद्यार्थी दिसत. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्यावरचा दर तिसरा माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. कुणी लाकडाची मोळी घेऊन चाललेला, कुणी दुचाकीवर तिघांतला मधला. मामांना तो अगदी जवळ आल्यावर ओळखू येई, आणि ओळखला की तिथल्या तिथे करकचून ब्रेक. "हा आपला पोरगा. सातचा पाढा याला कधी आला नाही," असं कौतुकाने सांगत काच खाली करायचे. मागच्या सीटवरच्या माणसाचं कपाळ तोवर पुढच्या सीटला टेकलेलं असे. चौकशी झाली की गाडी तशीच हिसक्यासरशी उचलायची, ती पुढच्या पोरापर्यंत.

याची खरी किंमत मोजली मामींनी. त्यांना मुळातच गाडी लागते. एसटी नुसती वळताना पाहिली तरी त्या पदर नाकाला लावतात. त्यांची थोरली बहीण खोडाळ्याला राहते, बरीच थकलेली, नजर जवळजवळ गेलेली. ती घर सोडून कुठे येणार नाही. आणि मामी मामांच्या गाडीत पहिल्या दोन वळणांच्या पुढे कधी टिकल्या नाहीत. तीन वर्षं बहिणींची भेट नव्हती. दोघी फोनवर बोलत, म्हणजे तांदूळ कसा झाला, नागली किती आली एवढं बोलून नुसत्याच फोन धरून बसत. एकदा मामी मला म्हणाल्या की फोनमध्ये सगळं येतं, तिच्या घराचा वास तेवढा येत नाही. हे त्या भाजी निवडता निवडता सहज बोलल्या, पण मामा ओट्यावर बसून ऐकत होते.

पुढच्याच आठवड्यात मामा माझ्या दुकानात एक डबी घेऊन आले. मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेली, स्वस्तातली, काडेपेटीएवढी चिप. स्टिअरिंगखाली आम्ही तपासणीचं यंत्र जोडतो त्या खाचेत ती बसवायची, मग पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, आणि मामांना हवं होतं ते म्हणजे हिसके बंद होतात, असा डबीवर दावा. अशा चिपा मी पाहिल्या होत्या. एका गिऱ्हाइकाची मीच उघडली होती. आत एक मिणमिणता दिवा आणि त्याला लुकलुकवण्यापुरतं सामान. इंजिनाला तिचा पत्ताही नसतो. मी जावई असलो तरी दुकानदार आहे, म्हणून स्पष्ट सांगितलं, मामा, हिच्यात काही नाही, लावून उपयोग नाही.

मामांनी चिप तळहातावर घेतली. "पहिल्या दिवशी कुठल्याच पोरात काही दिसत नाही, जावईबापू," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी डबीतला कागद काढून दाखवला. कुठल्या तरी यंत्राने मराठीत आणलेला असावा, पण एक वाक्य स्वच्छ होतं. सुरुवातीचे दोनशे किलोमीटर चिप चालकाच्या सवयी शिकते. त्या 'शिकते' शब्दाखाली मामांनी लाल पेनने रेघ मारलेली होती. तो शब्द वाचल्यावर त्या माणसापुढे दुसरा मार्गच नव्हता. वर्गात नवीन पोर आलं होतं, आणि त्याला पहिल्याच दिवसांत वाईट वळण लागता कामा नये.

त्या दोनशे किलोमीटरांची आठवण आली की मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं. मामा सकाळी धुकं विरायच्या आत निघत. आधी सपाट रस्ता, कारण बाराखडीआधी जोडाक्षर शिकवत नाहीत. मग चढ, मग उतार, घाट सगळ्यात शेवटी. हॉर्न वाजवायचा नाही, पोर बिचकतं. ब्रेक असा दाबायचा की दाबल्याचं ब्रेकलाही कळू नये. एखादं वळण बिघडलं तर पुढे जाऊन, गाडी फिरवून, तेच वळण पुन्हा. मी दोनदा सोबत गेलो. भातखाचरं पिकायला आलेली, वरकस जमिनीच्या उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली, आणि त्यातून ही व्हॅन पाण्यावर सोडलेल्या पानासारखी चाललेली. स्टिअरिंगखाली तो दिवा लुकलुकत होता आणि मामा हळू आवाजात त्याला सांगत होते, आता डावीकडे, घाई नाही.

विद्यार्थी मात्र गोंधळले. करकचून ब्रेक बंद म्हणजे थांबणंच बंद. पहिले काही दिवस मामा नुसता हात हलवून पुढे जात आणि आरशात बघत. शेवटी एक जण भाजीची पाटी घेऊन थेट माझ्या दुकानात आला. "गुरजी त्या दिसी थांबला नाय," तो म्हणाला, "माझा काय चुकला?" मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मी वावर गावाकडच्या शाळेवर होतो तेव्हा भुकेने पोरं जाण्याची वर्षं पाहिलीत, जावईबापू. हजेरीत नाव घ्यायचं आणि पोर नसायचं. म्हणून दिसलं की थांबायचं." इतकी वर्षं मी त्या ब्रेकची थट्टा करत आलो होतो. मला फार लाज वाटली.

मामांनी त्यावर उपाय शोधला तो साधा होता. लांबूनच बघायचं. कुणीही असो, माणूस दिसला की तो आपलाच आहे असं धरून पाय आधीच हलका करायचा. बहुतेक वेळा तो आपलाच निघायचा. नाही निघाला तरी बिघडत नव्हतं, मामा त्याचीही चौकशी करायचे.

दिवाळीनंतर आम्ही मामींना घेऊन खोडाळ्याला निघालो. मामी पुढे बसल्या, डोळे गच्च मिटून. मी मागे लिंबू आणि पिशवी घेऊन तयार. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मोखाड्याच्या अलीकडे मामींनी एक डोळा उघडला, मग दुसरा. हा रस्ता त्यांनी उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. डोंगराकडे बोट दाखवून त्या हे काय, ते काय विचारू लागल्या, आणि मोखाडा मागे पडल्यावर चक्क झोपल्या. पुढे एका वळणावर गाडी थांबली, इतकी अलगद की त्यांनी झोपेतच विचारलं, आलं का घर. मामा म्हणाले, नाही, विद्यार्थी आहे.

खोडाळ्याला बहिणीने मामींचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ कोरडं, पदर कोरडा. ओकली नाय? तिने विचारलं. मामी म्हणाल्या, नाही, यांची चिप शिकली. मग दोघी चुलीपाशी गेल्या, आणि नागलीच्या भाकरीचा वास बाहेर ओसरीपर्यंत आला. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा, का कोण जाणे, माझ्यातला दुकानदार जागा झाला आणि मी म्हणालो की मामी, खरं तर त्या चिपमध्ये...

"राहू द्या," मामी म्हणाल्या. "कुणीतरी शिकलं ना?"

त्यानंतर त्या दर महिन्याला जाऊ लागल्या. थोरली बहीण गेल्या वर्षी वारली, तेव्हाही मामी तिच्या उशाशी होत्या.

यंदा मामांचीही नजर कमी झाली. पोरं लांबून दिसेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी चालवणं थांबवलं. व्हॅन विकली, पण चिप काढून घेतली. नवा मालक कसा चालवेल कोण जाणे, पोर वाया जायचं. तो दिवा केव्हाच बंद पडलेला होता. त्यांनी ती रुमालाने पुसून माझ्या हातात दिली आणि सोबत एक कागद दिला. शाळा सोडल्याचा दाखला होता, हाताने रेघा मारलेला, अक्षर ओळीवरून घसरत गेलेलं. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: शिक्षकास दिसत नाही.

दुकानात अजून लोक विचारतात, ही चिप लावावी का. मी सांगतो, लावू नका, आत काही नसतं. माझ्या गाडीत मात्र ती आहे. संध्याकाळी दुकान बंद करून निघालो की मामा त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलेले असतात. मी लांबूनच पाय हलका करतो. गाडी त्यांच्यासमोर हिसका न देता थांबते, आणि न बघताच ते ओळखतात.

"जावईबापू ना? पोर कसं आहे?"

"हजर आहे, मामा," मी म्हणतो.