एक हिवाळा बाहेर

नवं झाड आणलं की फ्रॉस्टकाकू ते लगेच लावत नसत. आधी ते मरतंय का ते बघत. मागच्या कुंपणापाशी त्यांची जमीन जरा खोलगट होती. बागेतली सगळी थंड हवा उतरून तिथे साचायची. इथला हिवाळा जूनमध्ये; तो लागला की सकाळी तिथलं गवत फ्रॉस्टने, म्हणजे गोठलेल्या दवाने, पांढरं आणि पायाखाली कुरकुरणारं. काकू कुंडी नेमकी तिथे ठेवायच्या आणि अख्खा हिवाळा तिला झाकत नसत. "जगलं तर माझं, मेलं तर नर्सरीचं," म्हणायच्या. बॅलरॅटमधल्या आम्हा पाच-सहा मराठी घरांनी त्यांचं 'फ्रॉस्टकाकू' नाव पाडलं ते यावरून. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मी मुलाकडे राहायला आले तेव्हा त्या आमच्या पलीकडच्या रस्त्यावर एकट्या राहत होत्या. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी येत नाही आणि मराठीतही चारचौघांत तोंड उघडत नाही. मुलगा-सून कामावर गेले की मी काकूंकडे जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुलाही एक हिवाळा बाहेर ठेवून बघते." मला हसू आलं नाही. त्या खरंच ठेवतील असं वाटलं.

इथे येणारी बाई आधी जास्वंद आणि मोगरा शोधते. मीही आणला होता मोगरा. जुलैत त्याची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबली. काकूंनी तो फांदीला धरून उपटला. "आपल्याला काय आवडतं ते थंडीला विचारायला जाऊ नये. तिला जे मारता येत नाही ते लाव." गणपतीला लाल फूल हवं तर कॅमेलिया. वासाला मोगऱ्याच्या जागी डॅफ्नी, ती तर ऐन थंडीत फुलते. कडेने लॅव्हेंडर. डॅफ्नीची फांदी तोडली की मात्र मला साबणाने हात धुवायला लावायच्या. "वास देवाचा, पण अंगात विष आहे हो तिच्या. पान चावलंस तर तोंड भाजून निघेल." तुळस तेवढी आत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिची परीक्षा त्यांनी कधी घेतली नाही.

त्यांचा मुलगा नितीन मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत राहायचा. दर रविवारी यायचा, गॅस तपासायचा, फ्रिज उघडून बघायचा. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "आई, लास्ट टाइम सांगतोय. अजून एक घोळ झाला ना, तर घर विकायचं आणि डायरेक्ट माझ्याकडे."

"तुझ्याकडे काय आहे? बाल्कनी. मला काय कुंडीत लावणार आहेस?"

"हीटिंग आहे, आई."

"तेच तर. हीटिंगमध्ये वाढलेलं काही टिकत नाही. तुझ्याकडे बघून कळतंच."

तो हसला. मीही हसले.

त्या जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, एका दुपारी मी गेले तर ऊन इतकं होतं की दाराची कडी हाताला चटका देत होती. आणि बागेत सगळ्या झुडपांवर जुन्या चादरी अंथरलेल्या. कडांना विटा ठेवलेल्या. काकू घामाघूम. "मदत कर," म्हणाल्या, "फ्रॉस्ट पडणार आहे आज." मी एकेक चादर काढली. खालची पानं करपली होती. तासाभराने त्यांनी स्वतःच विचारलं, "चादरी कोणी बाहेर काढल्या?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना समजलं. मनगट धरून म्हणाल्या, "नितीनला सांगशील तर बघ. ही बाग गेली की मी गेले." मी मान हलवली.

हिवाळ्याच्या तोंडावर छाटणी करायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. कोवळा फुटवा येतो आणि फ्रॉस्टने जळतो. मेमध्ये त्यांनी हायड्रेंजिया बुडापर्यंत कापला, गुलाब कापले, कॅमेलियाच्या कळ्यांसकट फांद्या कापल्या. कात्रीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी फाटकापाशी उभी राहिले. रविवारी नितीनने विचारलं, "मावशी, आई ठीक आहे ना?" मी म्हटलं, "हो." जूनमध्ये उरलेसुरले फुटवे काळे पडले. काकू ते बघून म्हणाल्या, "कोणी केलं हे? त्याचे हात मोडोत." मी काळे फुटवे गोळा करायला लागले.

ऑगस्टमधली सकाळ. काकू पूजा आटपत होत्या. मला हाक मारली, "ये गं, तीर्थ घे." मी उजवा हात पुढे केला. आधी वास आला. मग तळहातावर पाण्यासोबत पान पडलं, जाड, चकचकीत. मी खिडकीकडे बघितलं. तुळस वाळून काटकी झाली होती. तांब्याच्या भांड्यात डॅफ्नीचा तुरा तरंगत होता. 'काकू' एवढा शब्द तोंडातून निघायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात त्यांनी आपलं पान चावून गिळलं होतं.

मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा असेल. तोंडात बोट घालून चूळ भरायला लावली, शेजारच्या गोऱ्या बाईचं दार बडवलं, तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. तोवर काकूंचे ओठ सुजले होते आणि त्या हाताने सारख्या गळा चोळत होत्या. हॉस्पिटलातून चौथ्या दिवशी सोडलं. त्याआधी मी नितीनला सगळं सांगितलं, जानेवारीपासूनचं. तो मला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

काकूंना मेलबर्नला नेताना तो आधी सामानासाठी घरी आला. त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. बागेकडे बघितलं नाही. मी खिडकीपाशी गेले तेव्हा काच खाली केली.

"तू सांगितलंस?"

"हो, काकू."

"म्हणजे तुला बोलता येतं." ओठ अजून सोललेले होते, शब्द जपून येत होते. "मग जानेवारीत का नाही बोललीस?"

नितीन डिकी लावून आला. गाडी सुरू झाली. मी तशीच उभी राहिले.