नळीकाकांची स्वयंपाकाची वही

नळीकाकांनी चौतीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काढली. शिक्षक म्हणून नव्हे, सहायक म्हणून. काचसामान धुवायचं, द्रावणं करून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, आणि चाळीस पोरांपैकी कुणी स्वतःच्या भुवया जाळून घेत नाही ना, इकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. पोरं परीक्षानळी फोडून येत आणि भीत भीत सांगत, "काका, नळी." त्यातून ते नळीकाका झाले आणि निवृत्तीनंतरही नळीकाकाच राहिले.

त्यांची बायको छापखान्याच्या कँटीनमध्ये रोज साठ माणसांचं रांधायची. तिला सगळे मावशी म्हणत. आता काका आणि मावशी नवराबायको कसे, या घोळात पडू नका. एक नाव शाळेनं दिलं, दुसरं छापखान्यानं, आणि दोन्ही चिकटली ती चिकटली.

मावशीचं नाक म्हणजे काय सांगावं. दोन खोल्या पलीकडे कपडे वाळत घालताना ती म्हणायची, "अहो, भात खाली लागतोय, गॅस बारीक करा." काका धावत जाऊन बघायचे, तर भात लागायच्या बेतात असायचा. घड्याळ नाही, माप नाही, सगळा कारभार नाकावर. काकांना त्याचं भारी कुतूहल. हे कसं कळतं, असं त्यांनी अनेकदा विचारलं. "कळतं," एवढंच उत्तर मिळायचं.

थंडीत मावशीला ताप आला, सर्दी झाली. ताप गेला, सर्दी गेली आणि जाताना तिचं नाक घेऊन गेली. एक दिवस कँटीनमध्ये तिच्या डोळ्यांदेखत मोठं पातेलं तळाला जळलं. बाहेरची माणसं ओरडत आत आली तेव्हा तिला समजलं. त्या दुपारी तिनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, घरी आली आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकणंच सोडलं. जेवणही हळूहळू सुटत गेलं. बावन्न किलोची बाई बेचाळिसावर आली. डॉक्टर म्हणाले, "काटा चाळीसच्या खाली गेला तर दवाखान्यात ठेवावं लागेल. नळीनं अन्न द्यावं लागेल."

नळी हा शब्द काकांनी जन्मभर ऐकला होता. त्या दिवशी मात्र तो त्यांना ऐकवेना.

मग ऐन उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं अशा दिवसांत, काका ओट्यासमोर उभे राहिले. त्याआधी त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं. पण शिकायचं म्हटलं की माणूस हुशार. भाजीवाल्याला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, रेडिओवरचे सल्ले कानात प्राण आणून ऐकले. फक्त एक खोड होती. "असं म्हणतात" हे दोन शब्द ऐकले की त्यांचं डोकं फिरायचं. कोण म्हणतं? किती वेळा करून पाहिलं? म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि चार रकाने आखले: सल्ला, कृती, निरीक्षण, शेरा.

लिंबू पिळण्याआधी हाताखाली लाटून घ्यावं, म्हणजे रस जास्त निघतो. काकांनी एकाच वजनाची दोन लिंबं घेतली. एक तसंच पिळलं, एक लाटून. मोजपात्रात एकोणीस आणि सत्तावीस मिलिलिटर. सल्ला खरा. पुदिन्याच्या काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या ठेवल्या तर आठवडाभर टिकतात. प्रत्यक्षात नऊ दिवस टिकल्या. कांदा अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवला तर डोळे चुरचुरत नाहीत. साध्या कांद्याला त्यांनी अकरा वेळा डोळे पुसले, गार कांद्याला चार वेळा. शेरा, "अंशतः खरा". सूप खारट झालं तर त्यात बटाटा टाकावा, तो मीठ ओढतो. या बटाट्यापायी काका दोन दिवस झटले. बटाटा सूपच ओढतो, मीठ वेगळं काढून घेत नाही, असा निकाल लागला आणि भाजीवाला आठवडाभर तोंड फुगवून बसला.

आणि मग तो खाण्याचा सोडा. घेवड्याच्या शेंगा उकडताना पाण्यात चिमूटभर सोडा टाकला की रंग हिरवागार राहतो, असं कुणीतरी सांगितलं. काकांनी दोन पातेली चढवली. बिनसोड्याच्या शेंगा मळकट झाल्या, सोड्याच्या अशा हिरव्या की काका बघतच राहिले. शिवाय लवकर शिजल्या, गॅस वाचला. आता चिमूट म्हणजे नेमकी किती? प्रत्येकाची चिमूट वेगळी. हा ढिसाळपणा काकांना कसा चालावा? त्यांनी सपाट एक चमचा हे माप ठरवून टाकलं. शेंगांत एक चमचा, मटारात एक चमचा, पालेभाजीत, सूपमध्ये, लवकर शिजावेत म्हणून बटाट्यांतही.

ताट रोज मावशीसमोर जायचं. ती दोन घास घ्यायची आणि म्हणायची, "छान झालंय." काका शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, छान. मग ती ताट बाजूला सारायची. दर रविवारी खालच्या औषधाच्या दुकानातल्या काट्यावर दोघं जायचे. बेचाळीस. एक्केचाळीस पूर्णांक चार. चाळीस पूर्णांक आठ. काका रात्री वही चाळायचे आणि त्यांना काही केल्या समजेना. पदार्थ छान, मापं चोख, रंग उत्तम, मग बाई खात का नाही? नाकच नाही तर चव कुठून, हे एक उत्तर होतं. ते खरं असेल तर आपल्या हातात काहीच उरत नाही, या विचारानं ते वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडायचे.

एका दुपारी वरच्या मजल्यावरची शेजारीण बर्फ मागायला आली. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची, त्यामुळे भीती दाबून चेहरा शांत ठेवायची तिला सवय होती. काकांनी हौसेनं तिच्यापुढे वाटाण्याचं सूप ठेवलं. तिनं एक चमचा तोंडात घातला. समोरून ट्रक आला तरी जिचा चेहरा हलत नाही, तिचा चेहरा हलला. ती उठली, मोरीपाशी गेली, चूळ भरली आणि परत येऊन बसली.

"काका, हे तुम्ही चाखलंत?"

"मी?" काका गोंधळले. "करताना चाखायचं असतं?"

तिला वाटलं काका थट्टा करतायत. पण काका कुठली थट्टा करणार. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: इथली कोणतीही वस्तू तोंडात घालू नये. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना तेच बजावलं होतं. जिथे मोजपात्र, तराजू आणि आच, तिथे तोंड बंद, हे अंगात मुरलेलं. ओट्यापाशी त्यांची बोटंसुद्धा कधी ओठांकडे गेली नव्हती. मावशी नीट जेवेना तसं त्यांचंही जेवणावरचं मन उडालं होतं. तिच्यानंतर दूधपाव खाऊन ते उठायचे. रंग तपासला होता, वेळ तपासला होता, मिलिलिटर तपासले होते. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती चव तेवढी तपासायची राहिली होती.

त्यांनी चमचा उचलला आणि सूप चाखलं. हिरव्या साबणाचं पाणी. त्यात मीठ घातलेलं.

शेजारीण बर्फ न घेताच गेली. काका खिडकीशी बसलेल्या मावशीसमोर जाऊन उभे राहिले.

"तुला चव कळत नाही ना?"

मावशी खिडकीकडून त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "वास कळत नाही. खारट कळतं, आंबट कळतं, गोड, कडू, सगळं कळतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तुम्ही विचारलंच नाहीत."

"मग हे असलं काही तू तीन आठवडे गिळत होतीस?"

"दोनच घास गिळायचे. तुम्ही इतके रमला होतात. सकाळी उठून लिंबं मोजत होतात. म्हटलं, माझं गेलं ते गेलं, तुमचा कशाला हिरमोड करू."

काका बायकोवर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "तू उपाशी मरत राहायचं आणि मी वहीत छान लिहीत बसायचं? असला हिरमोड टाळून काय करू मी?" मावशीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग काकांच्या डोक्यात नेहमीचा किडा वळवळायला लागला. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "खारट कळतं म्हणालीस. आणि गार? कुरकुरीत? पुदिन्याचा गारवा?"

"मला काय ठाऊक? करून बघितलंय कुणी?"

हे वाक्य म्हणजे काकांना आमंत्रणच. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी गॅलरी धुतली, कठड्यावर ओली चादर टाकली, मोठ्या टबात पाणी भरलं आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. दोघांचे चार पाय एकाच टबात. मधल्या स्टुलावर सात वाट्या. मावशीनं डोळे मिटायचे आणि काय कळतं ते सांगायचं. प्रत्येक वाटी आधी काकांनी चाखायची, हा नवा नियम मावशीनं घातला.

काकडीला ती म्हणाली, "गार आहे, आणि आवाज छान येतोय. पण कडू आहे, टाका ती." काकांनी चाखली होती, त्यांना कडू लागली नव्हती, पुन्हा चाखली, तर देठाकडून खरंच कडू होती. पुदिन्याचं पान चावल्यावर तिनं तोंडानं हवा आत ओढली. "वास नाही. पण टाळूला वारा लागतोय." हिरव्या मिरचीच्या एवढ्याशा कणानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी ती हसली. नुसतं खरबूज तिनं परत केलं. "गोड चोथा." मग काकांनी त्याच्या फोडी बर्फावर ठेवल्या, लिंबू लाटून पिळलं, मीठ भुरभुरलं, पुदिना चुरडला आणि मिरचीला लावलेलं बोट फोडींवरून नुसतं पुसटसं फिरवलं. आधी स्वतः एक फोड खाल्ली, थांबले, चिमूटभर मीठ वाढवलं. त्यांच्या चिमटीनं, मोजल्याशिवाय.

मावशीनं एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. काका शेऱ्याची वाट बघत होते, पण ती डोळे मिटून खातच होती, आणि टबातल्या पाण्यात तिचे पाय हळूहळू हलत होते. वाटी रिकामी झाल्यावर तिनं बोटानं तळाचं पाणीसुद्धा निपटून घेतलं.

रविवारी औषधाच्या दुकानात काका काट्याकडे बघायला धजेनात. मावशीनंच वाचला. "एक्केचाळीस पूर्णांक एक." काकांचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर ती आपणहून स्वयंपाकघरात गेली, सोड्याचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "ती वही द्या जरा. आणि पेन."

ती खिडकीशी तासभर लिहीत होती. काकांना राहवेना, पण तिनं वही छातीशी धरली. ती आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी उघडली. शेऱ्याच्या रकान्यातलं प्रत्येक "छान" तिनं एका रेघेनं खोडलं होतं आणि शेजारी खरं लिहिलं होतं. शेंगा: साबण. बटाटे: ओला खडू. पालेभाजी: एक घास खाल्ला, बाकीची तुमची पाठ वळल्यावर कुंडीत. सूप: हेही कुंडीत, झाड मेलं. काका हसायला लागले आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला, कारण ओळीमागून ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत ती उपाशी उठली होती.

लिहिलेल्या शेवटच्या पानावर खरबुजाची नोंद होती. तिथला शेरा त्यांनी रिकामा सोडला होता. आता त्यात मावशीच्या तिरक्या अक्षरात तीन शब्द होते: अजून हवं होतं.

काकांनी वही मिटली, पिशवी घेतली आणि भर दुपारच्या उन्हात खरबूज आणायला निघाले.