सेलूच्या स्टँडासमोरची पंगत

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांशी वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. पण पंगत कशी वाढायची हे मला कोणी शिकवू नये. आमच्या गावात लग्न असो की तेरवी, पंगत माझ्या शब्दावर बसायची आणि माझ्याच शब्दावर उठायची. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय पहिला घास नाही, आणि शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मागं राहिलेल्याला एकट्यानं जेवावं लागलं तर ते जेवण कसलं?

माझी बायको आणि आणखी चौघी जणी सेलूच्या बाजारात भाजी विकतात. बाजार उठताना टोपल्यांत पालक, अंबाडी, वांगी उरायची. आणि पलीकडे तहसीलच्या कामाला आलेली माणसं समोशावर दिवस काढायची. ज्वारी आमची, तूर आमची, जवस आमचा, आणि माणसंही आमचीच, तेलकट खाऊन पोट धरून बसलेली! मला पाहवेना. मीच म्हटलं, सगळ्यांची मिळून एक चूल काढू. स्टँडासमोर टिनाचं शेड घेतलं. बायांनी रांधायचं, मी वाढायचं. समोसा-चहाच्या पैशात भाकर, डाळभाजी, जवसाची चटणी, ताक. पोट भरेपर्यंत.

सुरुवातीला माणसं तुटून पडली. मग कमी होऊ लागली. कारण मी. बसायला अंथरलेली लांब पट्टी माणसांनी भरल्याशिवाय मी वाढायलाच घेत नसे.

"काकाजी, वर्ध्याची गाडी लागली ना, वाढा लवकर."

"पंगत भरू दे."

एक जण अर्धी भाकर हातात घेऊन उठला, त्याला मी खांदा धरून खाली बसवला. तो पुन्हा दिसला नाही.

बायको तव्यावरून हात न काढता म्हणाली, "अवो, हे काय लग्न व्हय? कोनाले गाडी हाय, कोनाले दवाखान्यात जाचं हाय. तुमच्या नियमापायी भाकरी वाळून राह्यल्या. ह्या चौघी उद्याचाच दिवस येतो म्हन्तेत. मंग चूल बंद."

"झाली बंद त होऊ दे. पंगत मोडनार नाई."

बोललो खरा. पण संध्याकाळी टोपलंभर भाकरी तशाच घरी परत नेताना चौघी माझ्याकडं पाठ करून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याच्या एसटीचा ड्रायव्हर डाळभाजीच्या वासानं आत आला आणि पट्टीवर बसला. खिडक्यांतून प्रवाशांनी ते पाहिलं. ड्रायव्हरच जेवायला बसला म्हटल्यावर गाडी जाते कुठं! एकेक करत सगळे उतरले. पंगत भरली, दुसरी पट्टी टाकावी लागली. बायांच्या थापण्याचा असा आवाज उठला की बस्स! मी हात वर केला आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला. कोणी अंबाडी मागतंय, कोणी चटणी. माझी छाती शेडात मावेना.

ड्रायव्हरचं जेवण झालं. बाहेरून कंडक्टर ओरडला, "अबे चाल ना, टाइम झाला!"

तो उठू लागला. मी म्हटलं, "खाली बस बाप्पा. बुढीमाय जेवून राह्यली."

टोकाला एक बोळक्या तोंडाची म्हातारी डाळभाजीत भाकर कुस्करत होती. सावकाश, मऊ करून करून. सगळी पंगत वाळलेले खरकटे हात घेऊन तिच्याकडं पाहत बसली. कंडक्टर आत आला. "आजी, आटप ना वं! ह्या काकाजीनं गाडीच पकडून ठेवली."

म्हातारीनं मान वर केली. "माह्यासाठी काऊन थांबले रे? मले कुठी जाचं हाय? मी त मांगच्या गल्लीतली हाओ!"

जो तो हसायला लागला. कंडक्टरही हसला. पण उठलं कोणी नाही. सगळे माझ्याकडं पाहत होते. चुलीपाशी पाचही जणींचे हात थांबले होते.

मी ताट घेतलं आणि म्हातारीच्या शेजारी मांडी घातली.

"अवं, मले वाढ," बायकोला म्हटलं. मग पंगतीला हात केला, "उठा लेकहो. बुढीसोबत मी हाओ."

गाडी हॉर्न वाजवत गेली. म्हातारी माझ्या ताटाकडं बघून म्हणाली, "तुमचं काऊन सावकाश चालू हाय? दात त हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, पिठाचा जास्तीचा डबा घेऊन. आता ज्याचं झालं तो उठतो. ड्रायव्हर लोक गाडी लागायच्या आधीच येऊन बसतात. शेवटी जो राहील त्याच्यासोबत मी बसतो. बायको गिऱ्हाइकांसमोर म्हणते, "सोडला ना नियम?" सोडला कुठं? मी तो रोज जेवून पुरा करतो. कधीकधी दोनदा. खोटं वाटत असेल त सेलूले येजा, अन् सगळ्यांच्या शेवटी बसजा.