रुईच्या गोदामातलं रॉक अँड रोल

गायकानं टाळी वाजवली. ती पत्र्याखालून फिरून परत आली. त्यानं आणखी एक वाजवली, तेच झालं. मग तो माझ्याकडे वळला.

"माइकवाला आप?"

"हो."

"यहाँ गाऊँगा तो लोगों को गाना नहीं, शोर मिलेगा."

त्याचं बरोबर होतं. साठच्या दशकात यवतमाळात माझी लाउडस्पीकर सर्व्हिस होती. सभा, लग्नं, बुद्धजयंती, कीर्तनं, सगळीकडे माझे भोंगे. पण भोंगा हा भाषणासाठी असतो. तो आवाज लांब फेकतो. मोकळ्या मैदानात ते चालतं. पत्र्याच्या बंद शेडमध्ये फेकलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि एक शब्द संपायच्या आत त्याच्यावर दुसरा बसतो. परत आलेला आवाज माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, ती वेगळीच.

कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगचा होता. हा गायक, लिओ, म्हणजे तेव्हाचं मोठं नाव. मुंबईच्या हॉटेलांत त्याच्या शोला जागा मिळत नसे, आणि रेडिओवर त्याचं गाणं लागलं की पोरं चहा थंड होऊ देत. गॅदरिंगचे प्रमुख सोनटक्के सर होते. रॉक अँड रोल यवतमाळात आणायचं म्हणून त्यांनी प्राचार्यांशी वर्षभर वाद घातला होता. प्राचार्यांनी शेवटी हो म्हटलं, पण एक अट घातली. गोंधळ झाला तर पुढल्या वर्षीपासून गॅदरिंगला फक्त वक्तृत्व. आणि नेमका त्या दुपारी अवकाळी पाऊस पडला. मैदानाचा चिखल झाला. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या मालकांनी आपलं गोदाम देऊ केलं म्हणून आम्ही तिथं उभे होतो.

लिओ टाळ्या वाजवत पुढे चालत राहिला. मी त्याच्या मागे. गोदामाच्या टोकाला तागाची मोठी पोती छतापर्यंत रचलेली होती. तिथं त्यानं टाळी वाजवली आणि थांबला. टाळी परत आली नाही.

"इसमें क्या है?"

"रुई. सरकी काढलेला कापूस."

"तो सब दीवारों पर यही लगा दो."

जिनिंगचे मॅनेजर पाठकसाहेब दारातच होते. त्यांनी हे ऐकलं.

"काहून, माइकवाले, गोदाम जाळून राह्यले का माझं?" ते मला म्हणाले. "भिंतीला लावायच्या तर दाबलेल्या गाठी लावा."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, दाबलेली गाठ म्हणजे दगडच. आवाज सैल रुईच पिते."

"आणि आगही सैल रुईच पिते. गाठीले पेटायले वेळ लागते. सैल रुईले एक ठिणगी पुरे."

तेही खरं होतं. सोनटक्के सर रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

मग मी काय करणार ते पाठकसाहेबांना सांगितलं. अँप्लिफायर आत ठेवणार नाही, कारण त्याचे काचेचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे तापतात. तो बाहेर पडवीत राहील, आत फक्त वायर येईल. गिटारच्या स्पीकरचा डबा रुईपासून दूर, मधोमध. जोडण्या सगळ्या बाहेर. माझी बॅटरीही बाहेर. वीज नसलेल्या खेड्यांतल्या सभांसाठी माझ्याकडे गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा सेट होता. तो मी प्रत्येक कार्यक्रमाला नेत असे, लागो न लागो. बॅटरीची तार जोडताना ठिणगी उडते, म्हणून तीही पडवीत.

"आणि बिड्या?" पाठकसाहेबांनी विचारलं.

"त्या तुमच्या जमादाराकडे."

जमादार रामधन गेटवर बसायचे. जिनिंगमध्ये काडीपेटी नेऊ द्यायची नाही, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. पाठकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी उभा राहतो," रामधन म्हणाले. "पण पोती हलवायले आमचे हमाल लागतील. ते म्हणतात, आम्हालेही पाहू द्या. कामावरच्या रेजा बायाही म्हणतात."

"मागे उभे राहा म्हणावं," पाठकसाहेब म्हणाले.

लिओनं मला विचारलं काय ठरलं. मी सांगितलं. "पीछे वालों को सुनाई देगा?" तो म्हणाला.

"रुईनंतर बघू," मी म्हटलं. एवढंच खरं सांगता येत होतं.

हमालांनी उरलेल्या तिन्ही भिंती पोत्यांनी मढवल्या. लिओनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी झाली आणि संपली. तो हसला आणि कोट बदलायला गेला.

संध्याकाळी दारात रांग लागली. रामधन एका बादलीत काडीपेट्या जमा करत होते. प्राचार्यांना त्यांनी सोडलं नाही. लिओचा लायटरही बादलीत गेला. बँडचा मॅनेजर कुरकुरला की एका गाण्यात साहेब स्टेजवर सिगारेट पेटवतात, लोक त्यासाठीच येतात.

"आज लोक गाण्यासाठी आलेत," रामधन म्हणाले. लिओनं मॅनेजरला हातानंच गप्प केलं.

आता गाण्याबद्दल. मी संगीतातला माणूस नाही, मी आवाजातला आहे, तेव्हा तेवढंच सांगतो. भाषण करणारे माइकला ठोकतात, फुंकतात, गिळायला निघतात. माझा हात सारखा बटणावर असतो. लिओसाठी पडवीतलं बटण मी एकदा लावलं आणि जवळजवळ सोडून दिलं. हळू ओळ आली की त्याचे ओठ माइकला टेकत. आवाज चढवायचा असला की तो मान मागे नेई, अगदी हवी तेवढी. तो नाचत होता, स्टँड तिरपा करत होता, गुडघ्यावर बसत होता, पण माइक आणि तोंडातलं अंतर त्याला डोळे मिटूनही कळत असावं. पोरं बाकांवर उभी राहिली. प्राचार्यांचा बूट जमिनीवर ताल धरत होता, ते त्यांना ठाऊक नसावं. मी दारातून हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हा गायक तर आहेच, पण अर्धा माझ्या धंद्यातलाही आहे.

आणि वीज गेली. वाऱ्यानं गावाची लाइनच पडली होती.

काळोख. बाक सरकल्याचे आवाज आले. गोदामाला दार एकच, आणि सगळे त्याच्याकडे निघणार. सोनटक्के सर ओरडले, "बसा, सगळे बसा." पुढच्या रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही. जी रुई घुमणारा आवाज पीत होती ती आता सरांचाही पीत होती. एरवी अशा वेळी कुणीतरी काडी ओढतोच. खिसे चाचपडल्याचं मला जाणवलं. काड्या बादलीत होत्या.

मग ड्रमवाल्यानं ड्रमच्या कडेवर काठीनं साधा ठेका धरला. आणि लिओ गायला लागला. माइक मेलेला, गिटार मुकी. तो स्टेजवरून खाली उतरला होता. मधल्या वाटेनं टाळ्या वाजवत, गात, तो मागे येत होता. आवाज जिथून जाई तिथले लोक खाली बसत. मला दिसत काही नव्हतं, पण बाकं एकामागून एक शांत होत गेलेली ऐकू येत होती.

मी पडवीत टॉर्च लावला, बॅटरी जोडली, माइकची वायर छोट्या सेटवर घेतली. ठिणगी उडाली ती बाहेर, ओल्या फरशीवर. पाठकसाहेबांनी कॉलेजची जीप दारासमोर आणून दिवे आत सोडले. सेट गुणगुणायला लागला. मी आत ओरडलो, "रेडी."

माइकपाशी कुणी नव्हतं. लिओ अगदी मागे, हमाल आणि रेजांच्या घोळक्यात उभा राहून गात होता, आणि त्या बाया त्याच्या ठेक्यावर टाळ्या देत होत्या. त्यानं मला पाहिलं, मान हलवली, पण ओळ तोडली नाही. पूर्ण गाणं तिथंच संपवलं. मग माइककडे गेला आणि उरलेला कार्यक्रम एका भोंग्यावर आणि जीपच्या उजेडात केला.

लोक निघाले तेव्हा प्राचार्य सोनटक्के सरांना म्हणाले, "पुढल्या वर्षी हा कार्यक्रम मैदानावरच घ्या. पण तारीख अवकाळीची नको." सरांनी परत चष्मा पुसला.

लिओ लायटर घ्यायला बादलीपाशी आला. त्यानं रामधनना विचारलं, "पीछे आवाज़ आया?"

"आला ना," रामधन म्हणाले. "माइकवाल्याच्या भोंग्यातला जरा कमी आला. लाइट गेल्यावरचा मस्त आला."

लिओ हसून माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मला फार हसू आलं नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं धंदा केला. कुठल्याही हॉलमध्ये गेलो की आधी स्टेजकडे जात नसे. शेवटच्या रांगेत जाऊन टाळी वाजवत असे. भोंगा कुठं टांगायचा ते तिथं कळतं.