शिवणाची खोली

गल्लीत सगळे त्यांना शिवणवाल्या काकू म्हणत. घराच्या मागच्या अंगाला, हिरवळीला लागून त्यांची शिवणाची खोली होती. मशीनच्या खडखडाटात मुलगी झोपली, वाढली आणि लग्न होऊन दूर गेली. या खोलीखेरीज स्वतःचं म्हणावं असं काकूंकडे काही नव्हतं, आणि त्यांना हवंही नव्हतं.

काका निवृत्त झाले आणि हिरवळीच्या नादी लागले. जमिनीखालून पाइप टाकून घेतले, फवारे बसवले. पाणी आपोआप सुरू, आपोआप बंद. मग त्या पाइपांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एक फवारा कलंडून थेट खोलीच्या भिंतीवर उडायचा, तोही तसाच राहिला.

"अहो, भिंतीला ओल आलीय. पोपडे निघतायत."

"जुनं घर आहे, निघणारच. तू इकडे ये आधी. भिंतीकडची हिरवळ बघ कशी तरारलीय!"

तरारली होती खरीच. बाकीचं गवत पिवळं पडलं तरी तेवढा पट्टा हिरवागार. काका येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवत.

खोलीत कुबट वास यायला लागला. "तुझं नाकच भारी तिखट," म्हणून काका हसले. काकू आणखी एकदोनदा बोलल्या. कापडाचे गठ्ठे त्यांनी एकटीनेच भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणले. कपाट तेवढं जड होतं, ते हललं नाही.

त्याच कपाटात शेजारणीच्या मुलीचा लग्नाचा पोशाख होता. मुलगी आईबरोबर घालून बघायला आली, काकूंनी कपाटाचं दार उघडलं. पोशाखाच्या पाठीवर, बाह्यांवर बुरशीचे काळे ठिपके.

"काकू, परवा लग्न आहे हो," मुलगी एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. शेजारीण तिला हाताला धरून घेऊन गेली. ती भांडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. गल्लीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. माणसं रस्त्यात भेटत, हसत, पण कपडे शिवायला दुसरीकडे टाकत.

मग एका दुपारी फरशी खचली आणि मशीन एका बाजूला कलंडलं.

प्लंबरने खणलं ते नेमकं त्या हिरव्यागार पट्ट्यातच. खाली पाइपाचा जोड सुटला होता आणि पाणी सतत खोलीच्या पायात मुरत होतं.

"मेन व्हॉल्व्ह कधी बंद करत नव्हतात का? फवारे थांबले तरी पाइपात पाणी भरलेलंच राहतं," त्याने विचारलं.

"करावा लागतो?" काका म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना राग यायला हवा होता, पण आतून काही वर येईचना.

आता काका सगळं करतात. फवाऱ्यांची तोंडं भिंतीपासून वळवली आहेत. कुठे गळत नाही ना म्हणून घरातले नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतोय का ते बघतात, पाणी देऊन झालं की व्हॉल्व्ह बंद करतात. फरशी नवी बसवली, भिंत रंगवली, मशीनला तेल घातलं.

"ये की, बसून तरी बघ," ते म्हणाले.

काकू बसल्या. पाय मारला, चाक फिरलं, सुई रिकामीच वरखाली झाली. त्यांनी पाय थांबवला.

"कुणाचं शिवू?"

त्या उठून आत गेल्या. काका व्हॉल्व्ह बंद आहे ना, ते पाहायला बाहेर गेले. तो बंदच होता.