पोडाचा डबा अरुंद का होता

चार्ट अंगणवाडीच्या भिंतीवर लागला आणि पुढच्या वजनाच्या दिवशी पोडावरची एकही बाई आली नाही. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आमच्या गावाच्या नाल्यापलीकडे. मी अंगणवाडीत मदतनीस होते. खिचडी शिजवायची, लेकरं बोलावून आणायची, काट्याला लटकवायची, हे माझं काम.

मला काळजी एका पोरीची होती. सुनंदाची पारू. दोन वर्षं उलटली तरी उभी राहिली की पाय लटपटायचे. तिला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करायला सुनंदा कशीबशी तयार झाली होती. आता तीही फिरकली नाही.

चार्ट रसिका मॅडमचा. त्या कॉलेजकडून केळापूर भागातल्या लेकरांच्या वजनाचा अभ्यास करत होत्या. असल्या चार्टला बॉक्स प्लॉट म्हणतात. एका गावातली दोन-तीन वर्षांची लेकरं वजनाप्रमाणे ओळीने उभी करा. ओळीचा मधला अर्धा भाग त्या गावाच्या डब्यात. डब्यातली आडवी रेघ म्हणजे बरोबर मधलं लेकरू. डब्याच्या वर आणि खाली एकेक काडी निघते. वरच्या टोकाला सगळ्यात वजनदार, खालच्या टोकाला सगळ्यात हलकं. पोडाच्या काडीचं खालचं टोक म्हणजे पारू. नाव लिहिलं नव्हतं, पण वजन मीच केलं होतं.

सॉफ्टवेअर सगळे डबे सारख्याच रुंदीचे काढतं. मॅडमनी ते सेटिंग बदललं. जिथे लेकरं जास्त तिथे डबा रुंद, जिथे कमी तिथे अरुंद.

"मूठभर लेकरांचा डबा अख्ख्या गावाएवढा दिसला तर बघणारा फसतो, मावशी," त्या म्हणाल्या. मला पटलं. आमच्या गावाचा डबा खाटेएवढा झाला, पोडाचा उभ्या काडेपेटीसारखा.

आम्ही दोघी पोडावर गेलो. सुनंदा दारात बांबूच्या कामट्या घेऊन टोपली विणत बसली होती. पारू तिच्या पाठीला टेकून.

"काहून नाही आली व?" मी विचारलं.

"कायले येऊ? आमचे लेकरं रोडके म्हणून भितीवर टांगून ठेवले. तुमच्या गावचा डबा पाह्यला, केवढा फुगला! आन् आमचा?"

"वजन रुंदीत नसते व त्यात."

"मले नको शिकवू, मावशी. जनम टोपल्या विनन्यात गेला. जेवढं रुंद, तेवढं जास्त."

मॅडमनी तिथल्या दोन टोपल्या उचलल्या, एक रुंद, एक लहान.

"ताई, रुंद टोपलीत भाकरी जास्त मावतात ना?"

"मावतेच."

"पण टोपली रुंद म्हणून भाकर मोठी होते का?"

सुनंदाचे हात थांबले. "भाकर तेवढीच राह्यते."

"मग तसंच. रुंदी म्हणजे लेकरं किती. वजन बघायचं ते खालून वर."

"म्हंजे आमच्या पोडावर लेकरंच कमी. असं सांगा ना, बापा!" ती हसली. मग पाठीमागे हात नेऊन तिने पारूला चाचपलं. "मंग हे कोठं हाय त्यात?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. गोड बोलणं मला जमत नाही.

"सगळ्यात खाली."

"डब्यात?"

"डब्याच्या भाईर. काडीच्या टोकावर."

"एकलीच?"

"एकलीच."

सुनंदाने पारूला पुढे ओढून मांडीवर घेतलं. तिच्या केसांत अडकलेला बांबूचा भुसा एकेक करून काढला. बराच वेळ. मग कामट्या बाजूला सारल्या.

"बस कवा हाय?"

पारू दवाखान्यात राहिली, परत आली आणि अंगणवाडीच्या दारातून चालत आत आली. माझ्या हातातला डाव खिचडीत पडला, एवढंच सांगते.

मॅडमनी नवा चार्ट काढला. खाली एक टोपली काढून लिहिलं : रुंदी म्हणजे लेकरं किती. पोडाचा डबा थोडा रुंद झाला होता. कधीच न येणाऱ्या बायाही लेकरं घेऊन आल्या होत्या.

"आता पारू डब्यात?" सुनंदाने विचारलं.

"काडीवरच. पन टोकावर नाही."

चार्ट टांगून निघून जाऊ नये. बघणाऱ्याजवळ बसावं. आणि एक. काडीचं टोक कधी रिकामं राहत नाही. तिथे आता दुसरं लेकरू होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले.