बर्फाच्या गाडीचं ढक्कन

आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला माझी गाडी डोळ्यांपुढे नको होती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्या पेट्रोलच्या टाकीचं ढक्कन हरवलं आणि त्याला निमित्त मिळालं.

बरकतपुऱ्यातली ही बिल्डिंग उभी आहे ती जागा माझी. आधी बैठं घर होतं, पुढे अंगण आणि अंगणात माझी पिकअप. बिल्डरला जागा दिली तेव्हा त्याला एकच बजावलं, फ्लॅट कुठल्याही मजल्यावर दे, गाडी आहे तिथेच उभी राहील. गेटातून शिरलं की उजव्या हाताला. ही गाडी मी तरुणपणी घेतली. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि शादीखान्यांत, सोड्याच्या दुकानांत टाकायच्या. बर्फाच्या पाण्याने मागचा पत्रा दोनदा खाल्ला, दोन्ही वेळा नवा ठोकून घेतला. धंदा बंद झाला, गाडी बंद झाली नाही. रोज सकाळी तिची एक चक्कर असतेच.

सेक्रेटरी पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीतला, वयाने माझ्या मुलाएवढा. मला काका म्हणतो, पण रस्त्यातल्या म्हशीला हाकलावं तशा आवाजात. मी 'हो'च्या जागी 'हौ' म्हटलं की त्याची बायको तोंड फिरवून हसते. आमच्या पिढ्या गेल्या इथे, उर्दू शाळेत बसून घरात मराठी बोललो आम्ही. हे काल आले आणि आम्हाला मराठी शिकवतात.

गेल्या उन्हाळ्यात पंपावरच्या माणसाने ढक्कन काढून मशिनीवर ठेवलं आणि मागच्या रिक्षावाल्याशी भांडायला लागला. मी पैसे दिले आणि निघालो. चूक त्याची. घरी येऊन बघतो तर टाकीचं तोंड उघडं. तसाच परत गेलो. त्याने डालड्याचा एक जुना डबा पुढे केला. त्यात लोकांची विसरलेली ढक्कनं, सगळी प्लास्टिकची.

"इसमें से कोई बी लेलो चच्चा, सब एकीच रहते."

"एकीच रहते तो तेरे सर पे लगा ले," म्हटलं आणि आलो.

टाकीच्या तोंडात एक फडकं कोंबलं. फडकं भिजलं, उन्हात वास सुटला. संध्याकाळी सेक्रेटरी खाली आला, नाकाला रुमाल लावून.

"काका, हा बॉम्ब आहे, बॉम्ब. कुणी एक सिगारेट टाकली तर सगळे जाऊ."

बरोबर बोलत होता. त्यामुळे जास्तच चीड आली.

"रविवारी मीटिंग आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत नीट झाकण बसवा, नाहीतर गाडी बाहेर. आणि रस्त्यावर लावू नका, सरळ भंगारात द्या."

"जागा माझी आहे."

"होती, काका."

त्या 'होती'वर मला रात्रभर झोप नाही.

मुलगा कुकटपल्लीला राहतो. त्याला फोन केला तर म्हणतो, "बाबा, ऑनलाइन बघतो. मॉडेल काय?" मी सांगितलं. तो हसला. "ते आता कुठेच नाही. विकून टाका ना, कशाला हा ताप?" मी फोन ठेवला. सेक्रेटरी परका आहे, त्याला शिव्या तरी देता येतात.

मग सिकंदराबादेत राणीगंजला गेलो. पार्टच्या दुकानांची गल्लीच आहे ती. पहिला तेलुगूत 'लेदु' म्हणाला, नाही म्हणून, दुसऱ्याने मान वर न करता हात हलवला. तिसऱ्याने गाडीपाशी येऊन टाकीचं तोंड बोटांनी मापलं आणि आतून एक चकचकीत, चावी लागणारं ढक्कन आणलं. खाचेत टाकून फिरवलं, खट्ट बसलं.

"देखो चच्चा, हवा बी नै जाती इसमें से."

हवाही जात नाही म्हणाला म्हणूनच मी ते घेतलं. मला ते सेक्रेटरीच्या नाकावर नेऊन ठेवायचं होतं. दुसरं काही बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोला, आमच्या म्हातारीला, घेऊन भाजीला निघालो. काचीगुड्याच्या चौकात गाडी दोन आचके देऊन बंद. मागून हॉर्न सुरू. एक मोटारसायकलवाला काचेशी वाकून म्हणाला, "म्यूझियम में रखो ना बावा इसको." मी त्याच्या खानदानाची विचारपूस केली. खाली उतरलो, पेट्रोल आहे की नाही बघायला चावी लावून ढक्कन उघडलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. सेल्फ मारला, गाडी चालू. पुढच्या वळणावर परत बंद. परत उघडलं, परत सुस्स, परत चालू.

म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का? वाऱ्याला दुसरं पाडावं लागतं."

"तू गप्प बस."

पण खरं तिचंच होतं. जुन्या ढक्कनाच्या पोटात एक बारीक झडप होती. ती बाहेरची हवा आत घ्यायची, आतला वास बाहेर सोडायची नाही. या नव्याला काहीच नाही. पेट्रोल उतरायला लागलं की टाकीचा श्वास कोंडतो. भोक पाडावं तर वास सुटणार आणि सेक्रेटरी रुमाल घेऊन हजर. न पाडावं तर गाडी चौकाचौकात मरणार. शुक्रवार झाला होता. भोलकपूरचं भंगार पालथं घातलं. तिथला एकजण म्हणाला, "वो गाड्यां कब के गल गए चच्चा." मी म्हटलं, तू गलेगा, वो नै गलतीं.

त्या संध्याकाळी म्हातारी फोनवर नातवाच्या वाढदिवसाचे फोटो बघत होती. कुकटपल्लीतल्या कुठल्या हॉटेलात केला होता. आम्हाला बोलावणं नव्हतं, फोटो मात्र पाठवले. एका फोटोत नातू केकने माखलेला हात वर करून उभा, आणि त्याच्या मागे माझी गाडी. माझी नव्हे, पण तीच. तेच नाकाड, तेच दिवे, अंगाला लाल रंग फासलेला.

"मोठं कर," मी म्हटलं.

"किती गोड दिसतोय ना?"

"त्याला बाजूला सार. मागचं दाखव."

तिने फोन माझ्या हातात आदळला. टाकीचं तोंड दिसलं, आणि त्यावर ढक्कन. जुनं, मळकं, माझ्यासारखंच.

शनिवारी दर थोड्या वेळाने ढक्कन उघडत, शिव्या खात कुकटपल्ली गाठली आणि ढक्कन काढून खिशात टाकलं. हॉटेलच्या दाराशी ती लाल गाडी शोभेला ठेवलेली. हौद्यात कुंड्या. बॉनेट उघडं, इंजिन काढून त्या खड्ड्यात मनीप्लांट लावलेला. ज्याने हे केलं त्याच्या हातांचं काय करायला हवं, ते इथे लिहिता येत नाही.

मॅनेजर आला, दाढी कोरलेला.

"अंकल, फोटो लेना है?"

"ढक्कन लेना है."

"ये अँटिक है अंकल. पार्ट नै बेचते."

मी माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. तो तिच्याभोवती फिरला, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "चलती बी है क्या? ये हमकु दे दो. दोनो बाजू-बाजू में खडी करते, क्या मस्त दिखतीं."

माझ्या गाडीत वेली लावणार होता तो. सरळ त्या लाल गाडीपाशी गेलो, ढक्कन फिरवून काढलं आणि उलटं करून बघितलं. पोटात झडप होती. बोटाने दाबली, हलली. तोवर वॉचमनने माझं मनगट धरलं.

"पोलिस को बुलातूं," मॅनेजर म्हणाला.

"बुला. मैं यहीच खडा."

मग मी मोकळ्या हाताने खिशातलं चकचकीत ढक्कन काढून त्या लाल गाडीच्या टाकीवर बसवलं. खट्ट बसलं. म्हटलं, "तेरी गाडी को पेट्रोल नै, इंजन नै. इसकु सांस नै होना. ये लगा के रख. मेरी चलती, उसकु वो होना."

मॅनेजर जवळ आला. त्याला माझं म्हणणं कळलं की नाही, देव जाणे. लाल पत्र्यावर ते नवं ढक्कन उन्हात चमकत होतं. त्याने मान वाकडी करून बघितलं, मोबाइल काढला, दोन फोटो घेतले. "लुक अच्छा आरा," म्हणाला आणि वॉचमनला माझा हात सोडायला खूण केली. मी त्याला त्या ढक्कनाची चावी दिली.

"थँक्यू तो बोलो अंकल."

"कायकु?"

येताना राणीगंजला जुन्या ढक्कनाच्या आतला कडक झालेला रबरी वायसर बदलून घेतला. घरापर्यंत गाडी एकदाही आचकली नाही.

रविवारी मीटिंग पार्किंगमध्येच होती. खुर्च्या नेमक्या माझ्या गाडीपुढे मांडलेल्या, आणि मधल्या खुर्चीवर सेक्रेटरी. तो उठला, टाकीपाशी वाकला आणि सगळ्यांसमोर वास घेतला. परत घेतला. ढक्कन हलवून पाहिलं.

"वास नाही सध्या," तो म्हणाला. "पण काका, खाली हे तेलाचे डाग..."

"ढक्कन म्हणाला होतास. ढक्कन बसवलं."

"डागांचं काय करायचं?"

दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर तेलुगू गृहस्थ कंटाळून म्हणाले, "वदिलेय्यंडी, वासना लेदु कदा." सोडा, वास नाही ना आता, असं. बाकीच्यांना चहाची घाई होती. माना हलल्या.

"डागांचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ," सेक्रेटरी म्हणाला.

"घे."

मी गाडीत बसलो. एका सेल्फात चालू झाली. दोनदा रेस केली, त्यांचं बोलणं बुडालं. माझी सकाळची चक्कर राहिली होती आणि खुर्च्या माझ्या वाटेत होत्या. बाकीचे उठून आपापल्या खुर्च्या बाजूला घेऊ लागले. सेक्रेटरी माझ्याकडे बघत बसून राहिला. मी क्लच सोडला नाही, हॉर्नही दिला नाही. नुसतं इंजिन चालू ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी तो उठला, आणि खुर्ची स्वतःच्या हाताने उचलून भिंतीला लावली.